नाथांची कावड आणि दामाजींचे कोठार

हरिपाठ आटोपला, बुक्का लावून झाला, मंडळी उठण्याच्या बेतात होती. तेवढ्यात आमच्या मुकुटबनच्या दिंडीतला एक तरुण माळकरी पुढे सरकून म्हणाला, "महाराज, एक विचारू का? कोरोनाच्या साली आपण वारीच्या भिशीचे पैसे दवाखान्यातल्या लोकांच्या जेवणाला लावले. गावात अजून त्याची वाखाणणी होते. पण ते पैसे देवाचे होते. देवाचे पैसे माणसांना दिले, हे धर्माला धरून झाले काय?"

प्रश्न लहान नाही. त्या रात्री आम्ही त्याला दोन दृष्टान्त देऊन वाटेला लावले. परंतु घरी आल्यावर आमचेच आम्हांस समाधान होईना. ज्या प्रश्नाचे उत्तर टाळ्या घेऊन जाते ते खरे असतेच असे नाही. म्हणून हा विषय शांतपणे, पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष दोन्ही मांडून, वाचक वारकऱ्यांपुढे ठेवीत आहो. ह्यात आमची एक चूकही सांगावी लागेल. ती लपवून विषय पुरा होत नाही.

आधी घडले काय ते सांगतो. माघी एकादशीपासून आषाढीची भिशी जमा करावयाची, हा आमच्या दिंडीचा रिवाज. मंडळी गाडीने आळंदीस जाते आणि तेथून माउलींच्या पालखीसोबत पायी चालते. वाटेतले जेवणखाण, तंबू, ट्रकचे भाडे ह्या भिशीतून निघते. 2020 साली भिशी अर्धीमुर्धी जमली असेल, तोच टाळेबंदी आली. 25 मार्चला गुढीपाडवा होता आणि त्याच दिवशी सारा देश घरात बसला. त्या वर्षी पालख्या पायी निघाल्या नाहीत. 30 जूनला, दशमीच्या दिवशी, संतांच्या पादुका एस. टी. बसने पंढरीस गेल्या आणि 1 जुलैची आषाढी आपण उंबऱ्याच्या आत केली. भिशी देणारे म्हणाले, "राहू द्या महाराज, पुढल्या सालाले कामी येईन." पैसे राहिले.

पुढल्या साली, 2021 च्या फेब्रुवारीत, दुसरी लाट आमच्या वऱ्हाडात आधी येऊन पोचली. अमरावती-यवतमाळकडे निर्बंध पुन्हा लागले. चैत्र-वैशाखात तर घराघरांत आजारी. आमच्याच गावची एक लेक जवळच्या शहरात कोरोनाच्या रुग्णालयात परिचारिका होती. तिचा फोन आला. म्हणाली, "महाराज, लोक लई जीव लावतात. कोणी लाडू आणतात, कोणी बिस्किटाचे पुडे, कोणी तळलेल्या पुऱ्या. पण सहा-सहा तास तो प्लास्टिकचा अंगरखा घालून राहा लागते. आत पाणी पिता येत नाही. बाहेर आलं की तेलकट घास उतरत नाही. खानावळी बंद आहेत. कोणी भाकर, पातळ वरण अन् ताक दिलं तर अंगात जीव येईन."

आमच्याकडचा वैशाख वाचकांस ठाऊक आहे. पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो. अशा उन्हात ते बंद कपडे अंगावर घालून परक्याचे श्वास मोजीत उभे राहायचे! आम्ही फोन ठेवला आणि भिशीची पेटी उघडली. हीच ती चूक. तिच्याकडे पुढे येतो.

आता पहिली शंका. गावात काही शहाण्या मंडळींनी विचारले, "महाराज, ह्यांना सरकारचा पगार आहे. अन्नदान भुकेल्याला करावे. पगारदाराला डबा देणे हे कुठले अन्नदान?"

शंका वाजवी आहे. ज्याच्या हाती पैसा नाही त्याची भूक निराळी. तिच्याकरिता सरकारने 26 जानेवारी 2020 पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी काढलीच होती. टाळेबंदीत ती पाच रुपयांना झाली आणि 2021 च्या एप्रिलात तर फुकट मिळू लागली. दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. ते काम मोठे झाले. परंतु भूक एकाच प्रकारची नसते. त्या परिचारिकेच्या पाकिटात पैसे होते, पण रस्त्यावर उघडे दुकान नव्हते. खोलीवर चूल पेटवावी तर अंगात त्राण नव्हते. आणि शेजारी तिला दारात उभे करीत नव्हते, कारण ती रोग घेऊन येईल म्हणून!

वारकऱ्यांनो, आपल्याच वाटेकडे पाहा ना. दिंडीत चालणाऱ्यांत पन्नास एकरांचा धनीही असतो आणि भूमिहीन मजूरही असतो. वाटेवरच्या गावची बाई दोघांच्या हातावर सारखीच भाकरी ठेवते. वारकऱ्याचा सातबारा पाहून कोणी पिठले वाढीत नाही. का वाढते ती? तिला घर आहे, गुरे आहेत, म्हातारी सासू आहे. तिला चालता येत नाही. म्हणून जो चालतो त्याच्या पायांत ती आपली भाकरी घालते आणि मनात म्हणते, माझी वारी ह्याच्या पायांनी पोचू दे. हे दान नव्हे. दानात देणारा वर आणि घेणारा खाली. येथे दोघे एकाच वारीचे वाटेकरी.

रुग्णालयाचे तेच समजावे. आजाऱ्याची शुश्रूषा हे आप्तांचे काम. बापाचे कपडे मुलाने बदलावे, आईला पाणी मुलीने पाजावे. त्या रोगात आप्तांना आत जाता येत नव्हते. जे काम आमचे होते ते परक्या लेकरांनी केले. पगार त्यांच्या तासांचा मिळतो. आमच्या वाट्याचे काम त्यांनी केले त्याचा हिशेब पगारात होत नाही. तेव्हा डबा हे दान नव्हते, आमच्या कर्तव्यातला उरलेला वाटा होता.

मात्र ह्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. डबा दिला म्हणजे पगाराचा प्रश्न मिटला, असे कोणी समजू नये. त्याच 2021 च्या जूनमध्ये आपल्या राज्यातल्या आशा सेविकांना मोबदल्याकरिता संप करावा लागला. गावोगाव दारोदार फिरून ताप मोजणाऱ्या बाया त्या. त्यांच्यावर फुले उधळणे सोपे, हाती पुरते पैसे देणे कठीण. अन्न हे मजुरीच्या जागी देऊ नये. मजुरी पुरती द्यावी आणि अन्न प्रेमाने द्यावे.

आता अन्नाविषयी दोन शब्द, कारण येथे भक्ताचा अहंकार फार सूक्ष्म रीतीने शिरतो. आपल्याला जे करायला गोड वाटते ते आपण देतो, घेणाऱ्याला काय पचेल ते विचारीत नाही. पहिल्या दिवशी आमच्या मंडळींनी बुंदी पाडण्याचा घाट घातला होता! आम्ही त्या लेकीला पुन्हा फोन केला आणि ती सांगेल ते लिहून घेतले. ज्वारीची भाकरी, तुरीचे पातळ वरण, मोड आलेल्या मटकीची नाही तर हरभऱ्याची उसळ, पालक किंवा चवळीची भाजी, काकडी, मीठ-जिरे घातलेले ताक, आणि सालीसकट राहणारे फळ म्हणून केळे. चिरलेले फळ नको, काल शिजलेले नको, तळलेले नको. तोंडाला फडके बांधलेली तिघेच जणे स्वयंपाक करीत. दुधाची गाडी रोज शहरात जाई, तिच्यातून डबे जात. तिकडून कोणी भीतभीत अंड्यांचेही विचारले. आमच्या माळकऱ्यांच्या चुलीवर ते शिजणार नव्हते, तसे स्पष्ट सांगितले. परंतु गावातल्या एका माळ नसलेल्या मुलाने ती सोय आपल्या घरून, आपल्या पैशाने केली. त्याला आम्ही नाव ठेवले नाही. व्रत आमचे आहे, ते आजाऱ्याच्या सेवकावर लादण्याचा अधिकार आम्हांस नाही.

आणि एक गोष्ट तिसऱ्या दिवशी कळली. डबे दारात पोचत आणि तेथून डॉक्टर-परिचारिकांच्या खोलीत जात. झाडूवाल्या बाया, कपडे धुणारे, प्रेते बांधून गाडीत चढविणारी पोरे, ह्यांना काही मिळत नव्हते. कोणी मुद्दाम केले नव्हते. आम्हीच "डॉक्टर आणि नर्स" असे म्हणून डबे मोजले होते. काल्याच्या दिवशी एका हंडीतले सर्वांना वाटणारे आपण, आणि आपल्याच हातून पंक्तिभेद झाला! त्या दिवसापासून डबे वाढविले आणि आधी खालच्या मजल्यावर, मग वर, असा क्रम लावला.

आता मुख्य शंका. पैसे देवाचे होते. ते वळविणे योग्य काय?

आमचे लहानपणीचे अध्ययन पाठशाळेतले. मीमांसाशास्त्रात ह्या प्रश्नाची फार बारीक चर्चा आहे. यज्ञाला व्रीहि म्हणजे साळीचे तांदूळ सांगितले आहेत. ते मिळाले नाहीत तर यज्ञ थांबवावा काय? शास्त्र म्हणते, थांबवू नये, त्याच्यासारखा नीवार म्हणजे देवभात घ्यावा. सोमवल्ली मिळाली नाही तर पूतीक घ्यावी. ह्याला प्रतिनिधी म्हणतात. परंतु जैमिनींनी सहाव्या अध्यायात मर्यादाही घातली आहे. द्रव्याला प्रतिनिधी चालतो, देवतेला चालत नाही. इंद्राचा भाग दुसऱ्या देवाला देता येत नाही. आणि यजमानालाही प्रतिनिधी नाही. ज्याचा संकल्प, त्याचाच यज्ञ.

हा न्याय आपल्या प्रश्नाला लावून पाहा. वारी बंद. द्रव्य आहे, पण ठरलेला विनियोग होऊ शकत नाही. तेव्हा विनियोग बदलला तर चालेल काय? येथे आमच्यासारखा कीर्तनकार चटकन म्हणतो, "देवता कुठे बदलली? विठ्ठल विटेवर तसाच रुग्णालयातही. देवता तीच!" हे आम्ही त्या वेळी म्हटलेही. आणि जोडीला नाथांची कावड सांगितली. काशीहून रामेश्वरास नेण्याकरिता गंगोदकाची कावड खांद्यावर, वाटेत वाळवंटात तहानेने तडफडणारे गाढव, आणि नाथांनी ती कावड त्याच्या मुखात ओतली. रामेश्वर येथेच पावला. ही कथा आम्ही आयुष्यात किती वेळा सांगितली असेल, मोजदाद नाही. दर वेळी श्रोत्यांचे डोळे पाणावतात.

डबे सुरू होऊन आठवडा झाला असेल. दिंडीतल्या एक वृद्ध माळकरी बाई आमच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. तोंडाला पदर, हातात काठी. म्हणाल्या, "महाराज, माह्या भिशीचे पैसे कुठं हायेत?"

आम्ही सांगितले, "माय, ते पुण्याच्या कामाला लागले," आणि डब्यांची हकीकत सांगितली.

"मरताना मालकानं सांगतलं होतं, माह्या नावानं एक वारी पायी कर. ते पैसे त्या वारीचे होते. तुमी मले इचारलं काहून नाई?"

आम्ही सवयीप्रमाणे नाथांची कावड सांगू लागलो. त्यांनी ती पुरती ऐकून घेतली. अर्धे आयुष्य त्यांनी आमच्याच तोंडून ऐकलेली कथा ती. मग म्हणाल्या, "नाथानं आपली कावड ओतली, महाराज. दुसऱ्याची नाई ओतली."

एवढे बोलून त्या गेल्या. आम्ही ओसरीवर बसून राहिलो. पाठशाळेत सहावा अध्याय घोकला होता. यजमानाला प्रतिनिधी नाही, हे तोंडपाठ होते. पण ते आम्हांस शिकविले निरक्षर म्हातारीने.

सज्जनहो, कथेकडे आता नीट पाहा. नाथांच्या संगतीत आणखीही यात्रेकरू होते, त्यांच्याही खांद्यावर कावडी होत्या. नाथांनी त्यांच्या कावडींना हात लावला असे कोणी सांगत नाही. त्यांनी स्वतःचे वर्षाचे कष्ट, स्वतःचा संकल्प, स्वतःचे पुण्य ओतले. म्हणून ती कथा त्यागाची झाली.

दुसऱ्याचे धान्य वाटल्याची कथा संप्रदायात आहे, ती दामाजीपंतांची. मंगळवेढ्यास दुष्काळ पडला. बेदरच्या पातशहाचे कोठार दामाजींच्या ताब्यात. लोक अन्नावाचून मरत होते, पंतांनी कोठार उघडले. धान्य त्यांचे नव्हते, राजाचे होते. मग कथा तेथेच का थांबत नाही? "लोक जगले, दामाजी धन्य झाले," एवढे म्हणून का भागत नाही? कारण देणे अजून शिल्लक होते. म्हणून प्रत्यक्ष पांडुरंगाला विठू महार होऊन, कांबळे खांद्यावर टाकून, बेदरास जावे लागले. धान्याची किंमत मोजून भरावी लागली आणि पावती घ्यावी लागली. देवालाही हिशेब चुकला नाही! चमत्कार मोठा खरा, परंतु त्या पावतीकडे आम्ही कीर्तनकार कधी बोट दाखवीत नाही. संतांच्या कथेने हे सांगून ठेवले आहे की परक्याच्या कोठारातून केलेली दया पुरती तेव्हाच होते, जेव्हा धन्याचे देणे फिटते.

आम्ही काय केले होते? तोंडाने नाथांची कथा सांगितली आणि हाताने दामाजींचे काम केले. आणि आमच्याकरिता पावती घेऊन बेदरास जायला कोणी निघणार नव्हते. तेव्हा घरात विक्रीकरिता ठेवलेली तूर काढली. भिशीतून खर्चिलेले पैसे तिच्या मोलाने पेटीत परत टाकले. मग वही घेऊन बसलो आणि भिशी देणाऱ्या एकेकाला फोन लावला. "वारी होणार नाही. तुमचे पैसे डब्यांना लावू काय? नाही म्हणालात तरी आमचा राग नाही." बहुतेकांनी तत्काळ हो म्हटले, काहींनी वर आणखी ज्वारी धाडली. चार-दोघांनी नाही म्हटले. त्यांची नावे आम्ही कोणास सांगितली नाहीत आणि सांगणारही नाही, कारण नाही म्हणण्याचा अधिकार नसेल तर हो म्हणण्याला मोल कसले?

दोघे जण त्या साथीतच वारले होते. त्यांच्या मुलांनी परवानगी दिली. परंतु आमचे मन घेईना. बापाच्या पैशावर मुलाचा हक्क पोचतो, बापाच्या संकल्पावर पोचतो काय? ते पैसे बाजूस ठेवले आणि 2022 साली पालख्या पुन्हा पायी निघाल्या तेव्हा वारीतच खर्चिले. ह्या निवाड्याविषयी कोणा विद्वान वाचकाचे निराळे मत असल्यास आम्हांस अवश्य कळवावे. त्या आजीही 2022 साली आमच्याबरोबर आळंदीहून चालल्या. मालकाची वारी पुरी केली.

पैसा जमवून सेवा करण्याचे हे अंग जगात इतरत्रही दिसते. मुंबईचेच पाहा. 2020 च्या मार्चअखेर विमाने जमिनीवर बसली. विमानांतल्या जेवणाकरिता असलेली ताज उद्योगाची स्वयंपाकघरे रुग्णालयांच्या कामी आली. त्यांतून महापालिकेच्या रुग्णालयांतील डॉक्टर व कर्मचाऱ्यांना डबे जाऊ लागले. हे काम ज्या विश्वस्त निधीने केले तो मुळात नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर आपद्ग्रस्तांकरिता निघालेला. चूल तीच, पंगत निराळी. द्रव्याला प्रतिनिधी म्हणतात तो असा. आमच्या वऱ्हाडात शेगाव संस्थानाने भक्तांच्या निवासाच्या जागा अलगीकरणाकरिता दिल्या आणि गरजूंकरिता अन्न शिजविले. देशाच्या कायद्यालाही हा न्याय ठाऊक आहे. 1950 सालच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात, मूळ हेतू पार पडत नसेल तर निधी त्याच्या जवळच्या हेतूकडे नेण्याची वाट आहे. मात्र ती विश्वस्ताच्या मर्जीवर सोडलेली नाही, वर विचारावे लागते.

आणि ज्यांनी आयुष्यभर लोकांचा पैसा लोकांकरिता मागितला त्या गाडगेबाबांचे स्मरण केल्यावाचून हा विषय कसा संपवावा? अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे ते, आमच्याच मातीतले. 1876 साली जन्मले आणि 20 डिसेंबर 1956 ला गेले. गावात गेले की आधी खराटा हाती घ्यायचे, मग भाकरी मागायची. पंढरपुरास, नाशकास, आळंदीस धर्मशाळा उभारल्या आणि स्वतः मात्र फुटके गाडगे घेऊन फिरत राहिले. हातून एवढा पैसा गेला, पण तो आपला आहे असे त्यांनी क्षणभरही मानले नाही. दुसऱ्याच्या पैशाने सेवा करणाऱ्याचे लक्षण हेच. दया मोठी असली की हिशेबाची गरज नाही, असे त्यांनी कधी म्हटले नाही.

तात्पर्य काय? त्या तरुणाला आम्ही आता असे उत्तर देऊ. बाळा, रुग्णालयात गेलेली भाकरी धर्माला धरूनच होती. तेथे देवता बदलली नाही. परंतु पहिल्या आठवड्यातली भाकरी तुमच्या महाराजांची नव्हती, आणि ज्यांची होती त्यांना विचारलेले नव्हते. तेवढा अधर्म झाला. तो तुरीने फिटला की नाही, हे पांडुरंग जाणे. पैशाचे देणे फिटते. एका म्हातारीला पदर धरून अंगणात येऊन विचारावे लागले, ते देणे पैशाने फिटत नाही.

तेव्हापासून आमच्या दिंडीच्या वहीत एक रकाना वाढविला आहे. भिशी घेताना प्रत्येकाला विचारायचे, "न करो पांडुरंग, पण वारी घडली नाही तर तुमचा पैसा कशाला लावावा?" कोणी म्हणतो दवाखान्याला, कोणी म्हणतो गोरगरिबांच्या जेवणाला, कोणी म्हणतो परत द्या, कोणी म्हणतो पुढल्या वारीला ठेवा. जे सांगतील ते त्यांच्यासमोर लिहून अंगठा किंवा सही घ्यायची. त्या आजींना गेल्या वेळी विचारले तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "तुमी इचारलं ना, मंग लावा कुठंबी." आम्ही तेही तसेच लिहिले.

संकट पुन्हा येणारच नाही असे कोणी सांगावे? साथ येईल, पूर येईल, दुष्काळ येईल. त्या वेळी पेटी उघडण्याची घाई होईल आणि ती घाई चांगल्या मनानेच होईल. म्हणून शांत दिवसांतच ज्या त्या दिंडीने आपल्या वहीत हा रकाना पाडून ठेवावा, एवढी सर्व फडकरी, दिंडीकरी व विणेकरी मंडळींस आमची नम्र विनंती आहे.